मंजुरी ही निव्वळ औपचारिकता नव्हे

न्यूयॉर्कच्या कामगार खात्यातील नियुक्तीला राज्य सिनेटची (विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाची) मंजुरी ही निव्वळ औपचारिकता आहे, हे लेखातील विधान मला पटत नाही. १९१९ मध्ये गव्हर्नर अल स्मिथ यांनी कामगारांच्या हितासाठी झटणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स यांना, तेव्हा कामगार खात्याचा कारभार पाहणाऱ्या औद्योगिक आयोगावर नेमले, तेव्हा त्यांनाही सिनेटची मान्यता मिळवावी लागली होती. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रायँगल या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली, त्या वेळी कुलूपबंद दारामुळे कोंडलेल्या मुली वरच्या मजल्यांवरून उड्या टाकताना पर्किन्स यांनी रस्त्यावर उभे राहून पाहिल्या होत्या. १४६ जीव गेले. असा अनुभव गाठीशी असलेली व्यक्ती हवी की नको, हे सिनेटमध्ये ठरत होते. म्हणूनच आजही या खात्यासाठीच्या उमेदवाराला कारखाना निरीक्षकांच्या रिक्त जागांबद्दल, बुडवलेल्या मजुरीच्या वसुलीबद्दल सिनेटरांनी खोदून विचारलेच पाहिजे.