‘शक्यता नाकारता येत नाही’ म्हणजे नेमके किती टक्के?

गोपनीय कागद पाहण्याची मुभा नसलेल्या प्राध्यापकांचा गुप्तवार्ता विश्लेषकांना फारसा उपयोग नाही, असे एका लेखात म्हटले आहे; ते विधान पटले नाही. येल विद्यापीठात इतिहास शिकवलेल्या शर्मन केंट यांच्या, सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेतील गटाने १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ असल्याचे एकमताने लिहिले. नंतर केंट यांनी सहकाऱ्यांना आकडा विचारला, तेव्हा उत्तरे २० पासून ८० टक्क्यांपर्यंत पसरली. सर्वांपुढे कागद तेच होते; घोळ शब्दांच्या अर्थाचा होता, आणि तो तपासायला गोपनीय कागद लागत नाहीत.

नागपुरात संख्याशास्त्र शिकवत असताना मी काही पोलीस अधिकाऱ्यांचा एक तास घेतला होता. ‘शक्यता नाकारता येत नाही’ या सरकारी टिपणांतल्या लाडक्या वाक्याला टक्केवारी द्या, असे सांगून चिठ्ठ्या गोळा केल्या, तर एकीवर १० होते, दुसरीवर ७५, आणि एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी आकड्याऐवजी ‘वरिष्ठांच्या मनावर अवलंबून’ असे लिहिले होते (सर्वांत प्रामाणिक उत्तर तेच, असे मला आजही वाटते). त्यासाठी एकही गोपनीय फाईल उघडावी लागली नाही. अडचण आहे ती पुढे: वर्तवलेला अंदाज खरा ठरला की फसला, हे बाहेरच्या अभ्यासकाला सहसा कळवलेच जात नाही, आणि त्याबद्दल त्या लेखात एक ओळही नाही.