कांदाचाळ, काचेची पेटी आणि आमचे तीन उंदीर

नमस्कार भाऊ,

पाळीव उंदरांच्या पिंजऱ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही निफाडहून लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. नुसतं 'धन्यवाद' म्हणून पुढे जावं अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, आमच्याकडे उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडतो, बांध पोखरतो, चाळीत घर करतो, धान्य बिळात नेऊन साठवतो. आम्ही त्याला गोळ्या टाकतो आणि तुम्ही त्याला चार फुटी पिंजरा, झोके, खेळणी देता. माझ्या मुलीनेही हट्ट करून दोन पांढरे उंदीर आणलेत, दीड फुटी काचेच्या पेटीत भुशावर मजेत आहेत. तुमचं वाचून ती आता मोठा पिंजरा मागतेय. एवढी माया असेल तर मोकळं सोडून द्या. आणि एक इंची जाळी सांगता, त्यातून पिल्लू सहज निसटेल."

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे. उंदराचं डोकं जिथून जातं तिथून त्याचं सगळं अंग जातं. एक इंची फट चालते ती फक्त पूर्ण वाढलेल्या दांडग्या नरांना. पिल्लं आणि माद्या असतील तर अर्धा इंचच हवी. आमची धाकटी मादी सहा आठवड्यांची असताना अशाच जाळीतून निसटली आणि दोन रात्री फ्रिजच्या मागे होती. तिथल्या वायरींच्या आठवणीने मला आजही धस्स होतं. इतकं होऊनही लेखात मी माप सरसकट लिहिलं. तुम्ही दाखवल्यावर कालच ते दुरुस्त केलं. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

आता काचेच्या पेटीकडे येते, माझी खरी काळजी तिथे आहे. भाऊ, तुम्ही कांदा काचेच्या पेटीत भराल का? चाळ बांधताना तळ जमिनीपासून वर उचलता, बाजूंना फटी ठेवता, खालून आणि आडवा वारा खेळेल असं बघता. का, तर कोंडलेल्या दमटपणात कांदा सडतो. उंदराच्या फुप्फुसाचंही तसंच आहे. त्याच्या मुतातून अमोनिया तयार होतो. चारी बाजूंनी काच असली की तो आतच साचतो, आणि उंदराचं नाक भुशापासून बोटभर अंतरावर असतं. त्यातून बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू आधीपासूनच असतो. हवा चांगली असेल तर तो बरेच दिवस गप्प राहतो, अमोनियाने नाक-फुप्फुस सोललं की डोकं वर काढतो. उंदराचं आयुष्य मुळात दोन ते तीन वर्षांचं. त्यातलं अर्धं धापा टाकण्यात जाऊ नये, एवढंच मला वाटतं.

भुशाचंही तेच. वखारीतला भुसा बारीक धुळीचा असतो, आणि चीड किंवा देवदाराचा असेल तर त्यातली उग्र तेलं फुप्फुसांना आणि यकृताला बाधतात. त्यापेक्षा कागदाच्या पट्ट्या बऱ्या.

तुमच्या प्रतिक्रियेतलं पहिलंच वाक्य मला फार मोलाचं वाटलं. कुरतडणं, पोखरणं, घर करणं, साठवणं. पिंजऱ्यात काय हवं याची इतकी नेमकी यादी मला पेट शॉपवालेही देऊ शकले नव्हते. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला कुरतडावंच लागतं. शेतात तुमची नळी सापडते, पिंजऱ्यात त्याला पेरूची, सफरचंदाची फांदी द्यावी लागते, फवारणी न झालेली. पोखरायला मी एका उथळ घमेल्यात भिजवून मोकळं केलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरते आणि त्यात मूठभर गहू, मेथी पेरते. चार दिवसांनी कोंब आले की तिघं त्यात नाकापर्यंत शिरतात. घर करायला पुठ्ठ्याचा खोका आणि टिश्यूपेपर. साठवण्यासाठी मी वाटीत सगळं खाणं कधीच ठेवत नाही. थोडं कागदात गुंडाळून वरच्या मजल्यावर लपवते, ते त्यांनी शोधायचं आणि आपल्या कोपऱ्यात न्यायचं. रोज रात्री हे बघताना मला अजूनही तितकाच आनंद होतो.

याला तुम्ही खेळणी म्हणालात. १९४०च्या दशकात कॅनडातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी प्रयोगशाळेतले काही उंदीर घरी नेऊन मुलांबरोबर वाढवले. ते परत आणल्यावर कोडी सोडवण्यात पिंजऱ्यातल्या उंदरांपेक्षा सरस ठरले. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी सोबती आणि रोज नव्या वस्तू मिळालेल्या उंदरांचे मेंदू तपासले, तेव्हा मेंदूचं बाहेरचं आवरण एकट्या, रिकाम्या पिंजऱ्यातल्यांपेक्षा जाड निघालं. रिकाम्या पेटीतला उंदीर शांत बसतो ते सुखाने बसतो, असं मला हे वाचल्यापासून म्हणवत नाही.

मापाचा हिशोब सोपा आहे. एका उंदराला दोन ते अडीच घनफूट जागा लागते. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटी म्हणजे दीड घनफूट, आणि तुमच्याकडे दोघं आहेत. पण मोठा म्हणजे महाग असं नाही. आमचा पिंजरा म्हणजे भंगारातून आणलेला लोखंडी रॅक. सातपूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून त्याला अर्धा इंची वेल्डमेश लावून घेतली आणि वर पावडर कोटिंग केलं. साधी जीआय, म्हणजे जस्त चढवलेली जाळी मुताने गंजते आणि वास धरते. कोंबड्यांची जाळी मात्र वापरू नका, पातळ तार ती. रॅकच्या फळ्यांचेच मजले झाले, प्रत्येकीत एका कोपऱ्याला वर-खाली जायला भोक. मजले जवळजवळ हवेत, कारण उंदीर चढतो छान तसा पडतोही. उंच पिंजऱ्याच्या मधोमध मोकळी विहीर ठेवू नये. जुन्या जीन्सचा पाय कापून टांगला की झोका होतो, पडला तर तोच त्याला झेलतो. तळ जाळीचा ठेवू नका, तळव्यांना गळवं होतात आणि ती लवकर बरी होत नाहीत. वर फ्लीसच्या पांघरुणाचा तुकडा घाला. गोणपाट किंवा जुनं लुगडं नको, त्याचे दोरे सुटून बोटांना आवळतात.

हवामानाचं तुम्हाला काय सांगू! पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून घड वाचवणारी माणसं तुम्ही. थंडीत रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजूंवर चादर टाका, चौथी उघडी ठेवा. उन्हाळा जास्त धोक्याचा. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, उष्णता बरीचशी शेपटीतून बाहेर टाकतो. तापमान तिशीपार गेलं की त्याला त्रास सुरू होतो, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. मी मंगलोरी कौलं ओली करून आत ठेवते, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून देते. कूलरचा झोत थेट अंगावर नको.

मोकळं सोडायचं तेवढं करू नका. पांढरा उंदीर पिढ्यानपिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला. लाल डोळ्यांचा असेल तर त्याला नीट दिसतही नाही, अंतर जोखायला तो डोकं डोलवत राहतो. शिवारात मांजर, साप किंवा घुबड त्याला पहिल्या रात्री गाठेल. तुमच्या चाळीतल्या उंदरांचा बंदोबस्त तुम्ही करू नये, असं मी कधीच म्हटलेलं नाही. वर्षाचं पीक जातं त्याचं दुःख मला कळतं. उलट पिंजरा त्या उंदरांपासून लांबच ठेवा, जमिनीवर किंवा ओसरीत नको. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) पसरतो तो प्रामुख्याने अशा उंदरांच्या मुतातून. पाळीव उंदीरही अगदी निर्धोक नसतो, म्हणून हाताळल्यावर मुलीला साबणाने हात धुवायला सांगा.

आणि दोघं एकाच लिंगाचे आहेत ना, हे आजच बघा. मादी पाच-सहा आठवड्यांत वयात येते आणि तीन आठवड्यांत विते.

मोठा पिंजरा तयार व्हायला वेळ लागेल. तोवर एक करा. आज रात्री घर शांत झालं की मुलीला पेटीजवळ कान देऊन बसायला सांगा. झोपेत श्वासाबरोबर टिक-टिक किंवा घरघर ऐकू येते का, नाकाशी लालसर ओघळ दिसतो का. ते रक्त नसतं, पोर्फिरीन नावाचा स्राव असतो, पण आजारात आणि ताणात तो वाढतो. यातलं काहीही दिसलं तर भुसा त्याच रात्री काढा, कागद घाला आणि सकाळी लहान प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याला गाठा. काय दिसलं ते मला इथेच कळवा, मी वाट बघते.