‘दहाव्या दिवशी क्लच परत सुटला’: तुमच्या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की लॉन्सवरच्या जुन्या गवत कापायच्या ट्रॅक्टरचा क्लच ‘सेट’ करायचे आम्ही २,४०० रुपये घेतले, दहाव्या दिवशी गवत कापायची पानं परत थांबली, फोन उचलला नाही आणि सीटखालची वायर ‘डायरेक्ट’ करून मागितली तर नकार दिला. चारही गोष्टी खऱ्या आहेत.

फोनचं आधी. तुमचे दोन मिस्ड कॉल दिसले होते, संध्याकाळी करू म्हणता म्हणता राहून गेलं. चुकलं.

आता क्लच. गार इंजिनवर पानं नीट फिरतात, वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप सुटतात, अर्धा तास थांबलं की परत चालू, अशी तुमची तक्रार होती. इलेक्ट्रिक क्लचचं हे ओळखीचं दुखणं. आतल्या कॉइलला करंट मिळाला की ती समोरची प्लेट खेचून धरते आणि इंजिनची ताकद पानांपर्यंत पोचते. तुमची कॉइल गार असताना २.९ ओहम दाखवत होती, म्हणजे १२ व्होल्टला चारेक अँपिअर. कॉइल ठणठणीत. पण तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, ६० अंशांनी तापलं तर जवळजवळ पावपट, आणि ओढ कमी होते. त्यात प्लेट झिजून मधला गॅप वाढला असेल तर संपलंच. क्लचच्या तिन्ही खिडक्यांत फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून बघितलं तर गॅप ०.८ मिमी होता, तो नट आवळून ०.४ वर आणला. तुम्हाला दुसरीकडे नवा क्लच घालायला सांगितलं होतं. वीस हजारांच्या वर गेला असता, म्हणून आम्ही आधी गॅप घेतला. ते बरोबरच होतं.

चूक पुढे झाली. आमच्या पोराने क्लचच्या वायरचा प्लग काढून व्होल्टेज बघितलं, १३.७ आलं, गडी खूश. पण प्लग काढला की करंटच वाहत नाही, मग जळका कॉन्टॅक्टसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. वर ट्रायल घेतली पाच मिनिटांची. वीस मिनिटांनी येणारं दुखणं पाच मिनिटांत कसं दिसणार? गाडी सोडण्याआधी ते मी बघायला हवं होतं.

सोमवारी आम्ही लॉन्सवर येऊन गेलो. तुम्ही नव्हतात, माळीकाका होते. या वेळी प्लग जागेवर ठेवून, क्लच लावून मोजलं: बॅटरीवर १३.७, क्लचपाशी १०.९. मधले २.८ व्होल्ट पानं चालू करायचा तो ओढायचा खटकाच खात होता. बोट लावलं तर चटका बसला. खटका बदलला, हिरवा पडलेला कनेक्टर साफ केला. आता क्लचपाशी १३.४ मिळतात. भर दुपारी ५० मिनिटं गवत कापलं, एकदाही सुटला नाही.

राहिली सीटखालची वायर. ती डायरेक्ट करणार नाही, यापुढेही नाही. तिथे सीटचा स्विच आहे म्हणून माणूस सीटवरून उठला की पानं थांबतात. त्या पानांच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असतो, आणि तुमच्या गवतात मांडवाचे खिळे निघतात (सोमवारी आम्हालाच दोन सापडले). ते उचलायला माळीकाका किती वेळा खाली उतरतात, एकदा उभं राहून बघा. दुसरा कोणी करून देईलही, पण मग तो ट्रॅक्टर आमच्याकडे आणू नका.

सोमवारची मजुरी घेतलेली नाही. खटक्याचे ८५० तेवढे द्या, तेही तुळशीचं लग्न उरकून तारखा सुरू झाल्यावर दिले तरी चालतील. जुना खटका तुमच्या ऑफिसच्या टेबलावर ठेवलाय, उघडून आतले काळे पडलेले कॉन्टॅक्ट बघा. आणि पहाटेचं ओलं गवत कापायला लावू नका, दव वाळू द्या.