मौत का कुआ बंद करा म्हणणाऱ्या दादाला, म्युनिकहून

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुठल्यातरी जत्रेतला मौत का कुआचा, म्हणजे फळ्यांच्या गोल विहिरीत उभ्या भिंतीवर बाइक फिरवायच्या खेळाचा, व्हिडिओ आला, बाइकवाला वरून घसरला तो थेट तळाला, आणि लगेच दादाने लिहिलं की हे प्रकार आता बंदच केले पाहिजेत. काकांनी अंगठा दिला. मी गप्प बसलो पण डोक्यातून जाईना.

कारण इथे म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये हाच खेळ १९३२ पासून चालू आहे, नाव टोडेस्वांट म्हणजे मृत्यूची भिंत, आणि लोक त्याला आपला वारसा म्हणून पोराबाळांना दाखवायला आणतात. मूळ अमेरिकेतलं, तिथल्या लाकडी रेसिंग ट्रॅकचा छोटा फिरता अवतार, मग १९१० च्या दशकात भिंती अगदी उभ्या झाल्या. १९२९ ला इंग्लंडात साउथएंडला आला, तिथे टोर्नेडो स्मिथ नावाचा रायडर चक्क सिंहीण सोबत बसवून भिंतीवर फिरायचा. १९२० च्या दशकातल्या 'इंडियन स्काउट' बाइक (नाव इंडियन, कंपनी अमेरिकन) इकडे अजून पळतात, आपल्याकडे आरएक्स १०० आणि मारुती ८००. फरक गाडीचा, बाकी गणित तेच: १० मीटर व्यासाच्या कुआत ताशी ४० ने गेलं की माणूस स्वतःच्या वजनाच्या अडीच पट जोराने भिंतीवर दाबला जातो, तेवढ्यावर टायर धरून राहतो. म्हणून एक फळी सैल असली तरी जीव जातो.

आणि फळ्या कोण तपासतं, मला तर खरा मुद्दा हाच वाटतो. जर्मनीत उचलून दुसरीकडे उभारायच्या अशा प्रत्येक मोठ्या खेळाची स्वतःची तपासणीची वही असते, ती नसेल तर उभाच करू देत नाहीत. पण रायडरच्या विम्याचं इकडेही अवघडच आहे हो, ब्रिटनमध्ये तर शो संपला की सांगतात आम्हाला कुठली कंपनी विमा देत नाही, आणि लोक वरून नाणी टाकतात. आपल्याकडे कठड्यावरून दहाची नोट धरतात, तो चालत्या बाइकवरून ओढून घेतो.

दादा, बैलगाडा शर्यतीला २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने अटी घालून परवानगी दिलीच ना, तेव्हा तूच पेढे वाटलेस. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं, थरावरून पडून गोविंदा गेला तर घरच्यांना १० लाख जाहीर केले. मग पुसेगावच्या यात्रेत दिवसभर त्या भिंतीवर फिरणाऱ्या पोरालाही तेच मिळू दे, आणि कुआ उभा राहिला की पहिला शो लागायच्या आधी कुणीतरी इंजिनिअर फळ्या हलवून बघू दे.