‘हळू गाडीवाल्यांच्या गप्पा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की वळणावळणाच्या रस्त्यावर, आणि ट्रॅकवरसुद्धा, बहुतेक वेळा कमी पडतो तो चालवणारा, गाडी नाही. त्यावर एक प्रतिक्रिया आली. मी सोयीचं तेवढंच घेतलं असं कोणी म्हणायला नको म्हणून ती जशीच्या तशी देतो:

“काका, लेख भावनिक आहे पण फॅक्ट्स गंडलेत. २०२० ला रसेल विल्यम्समध्ये शून्य पॉइंटवर होता, एकदा मर्सिडीजमध्ये बसला आणि लगेच फ्रंट रोला. सेनाचं डॉनिंग्टन सगळे सांगतात, त्या वर्षी चॅम्पियन प्रॉस्ट झाला हे कोणी सांगत नाही. आजच्या गाड्यांत स्किलचं काम कंप्युटर करतो. खरं सांगायचं तर ज्यांची गाडी हळू असते तेच स्किलच्या गप्पा मारतात.”

(ही नावं फॉर्म्युला वन कार रेसिंगमधली: रसेल, सेना, प्रॉस्ट हे ड्रायव्हर, विल्यम्स आणि मर्सिडीज या टीम, डॉनिंग्टन हा इंग्लंडमधला ट्रॅक, आणि फ्रंट रो म्हणजे रेस सुरू होतानाची पहिली रांग.) उत्तर लांबलं म्हणून वेगळी पोस्ट करतोय.

पहिली गोष्ट, असहमत असायला माझी काहीच हरकत नाही. पण पाच वाक्यांतली चार मुद्द्याची लिहायची आणि पाचव्यात समोरच्याची ऐपत काढायची, ही काय पद्धत झाली? “खरं सांगायचं तर” म्हणून सुरुवात केली की पुढचं आपोआप खरं होत नाही साहेब. तुम्हाला माझी गाडी माहीत नाही, मी काय काय चालवलंय ते माहीत नाही, आणि लेखात मी कुठेही वेगवान गाडीवाल्यांना नावं ठेवलेली नाहीत, पुन्हा वाचा हवं तर. हां, “गाडी नाही, माणूस फास्ट असतो” हे शीर्षक जरा भडक होतं, ते मान्य. शीर्षकं तशीच असतात.

आता त्या पाचव्या वाक्याबद्दल. माझी पहिली गाडी हळू होती हे खरंच आहे, छोटं इंजिन, फ्रंट व्हील ड्राइव्ह, आणि चढावर तर ती विनंती केल्याशिवाय वेग घ्यायची नाही. पण असली गाडी काय शिकवते ते तुम्हाला सांगतो, कारण ते तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. वळणात गमावलेला वेग तिथे परत मिळत नाही. उगाच ब्रेक मारला, चुकीच्या गिअरमध्ये वळणात शिरलो, स्टीअरिंग दोनदा दुरुस्त केलं, की पुढची सगळी सरळ पट्टी त्याची शिक्षा भोगायची. ताकदवान गाडीत हीच चूक केली तर तुम्ही उजवा पाय दाबता आणि चूक दिसेनाशी होते. दिसेनाशी होते, बरं का, नाहीशी होत नाही, स्टॉपवॉचमध्ये ती असतेच.

आणि वेगवान गाडी नव्हतीच असंही नाही. होती, मागच्या चाकांवर चालणारी, टर्बो, काही वर्षं वापरली आणि विकली. का विकली ते इथे सांगायची गरज वाटत नाही. सांगायचा मुद्दा एवढाच की दोन्ही बाजूंनी बघून बोलतोय.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मी बरीच वर्षं ट्रॅक डेला (लोक आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायला आणतात तो दिवस) इन्स्ट्रक्टर म्हणून शेजारच्या सीटवर बसलोय. तिथून जे दिसतं ते कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. सगळ्यात ताकदवान गाड्या घेऊन येणारे लोक बहुतेक वेळा एकाच साच्यातले: सरळ पट्टीवर सुसाट, मग वळणाच्या खूप आधी घाबरून ब्रेक, मग लक्षात येतं की वेग फारच पडला, म्हणून वळणाच्या मध्यातच अॅक्सिलरेटरवर पाय, गाडीचं नाक बाहेर जायला लागतं, म्हणून पाय एकदम उचलायचा, की वजन पुढे आलं आणि मागची चाकं हलकी झाली, डॅशबोर्डवर ट्रॅक्शनचा, म्हणजे चाकं घसरताना लागणारा, दिवा लुकलुकतोय, आणि साहेब माझ्याकडे बघून हसतायत कारण त्यांना वाटतंय दिवा लागला म्हणजे आपण गाडीच्या लिमिटवर आहोत. लिमिटवर गाडी नव्हतीच, तिला त्यांनीच गोंधळात टाकलं होतं. मग त्याच गाडीत, त्याच टायरवर, सीटची अदलाबदल करायची आणि शांतपणे एक लॅप मारायचा. मालक गप्प होतो. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता त्यात मजासुद्धा वाटत नाही.

अनुभव म्हणजे पुरावा नव्हे असं तुम्ही म्हणालच, म्हणून आकडे घ्या. समजा ३० मीटर त्रिज्येचं सपाट वळण आहे आणि टायर-रस्त्याचा घर्षण गुणांक ०.९, म्हणजे चांगला कोरडा डांबरी रस्ता. जास्तीत जास्त वेग निघतो ताशी साधारण ५९ किमी. यात हॉर्सपॉवर कुठेच येत नाही, शंभरची असो नाहीतर पाचशेची, सूत्राला पत्ता नाही. चांगले चिकट टायर घातले आणि गुणांक १.१ झाला तर ६५. आता टायर तेच जुने ठेवा पण ट्रॅकची पूर्ण रुंदी वापरून बाहेरून आत आणि आतून बाहेर अशी लाइन धरा, की प्रत्यक्षात त्रिज्या ४० मीटर होते, वेग जातो जवळपास ६८. म्हणजे इथे लाइनने महागड्या टायरपेक्षा जास्त दिलं. आणि लाइन गाडीसोबत मिळत नाही. (टायरचं महत्त्व मी लेखात एका ओळीत उरकलं होतं, ते जरा जास्त लिहायला हवं होतं, ठीक आहे.)

ताकद कुठे लागते? सरळ पट्टीवर आणि वळणातून बाहेर पडताना. लांब सरळ पट्टी असलेल्या ट्रॅकवर जास्त ताकदीची गाडी लॅप टाइम खाली आणणारच, ते मी नाकारलं कधी? पण तीच ताकद पुढच्या वळणाशी काय करते तेही बघा. ९० ऐवजी १२० ने वळणापाशी पोचलात तर गाडीतली गतिज ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते आणि ती सगळी ब्रेकनाच पचवायची असते. काही लॅप झाले की तापलेल्या ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागतं आणि मग मालक म्हणतो ब्रेक खराब आहेत.

बरं, हे झालं ट्रॅकचं. सार्वजनिक घाटरस्त्यावर तर त्रिज्या वाढवायची सोयच नसते, आपली लेन सोडायची नाही, विषय संपला. तिथलं स्किल म्हणजे दिसतंय त्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवणं. ताशी ८० ला एक सेकंद प्रतिक्रियेचा धरला आणि ब्रेकिंग चांगलं ०.८ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) धरलं तरी थांबायला ५४ मीटर लागतात. ६० ला ३४. आंधळ्या वळणापलीकडे तुम्हाला ४० मीटरच दिसत असतील तर तुमची गाडी शून्य ते शंभर किती सेकंदांत जाते याला काय किंमत आहे, सांगा ना. तिथे नजर कुठे आहे ते महत्त्वाचं, दरडीकडे बघाल तर दरडीकडेच जाल, आणि नजर कुठल्याच मॉडेलच्या टॉप व्हेरियंटमध्ये येत नाही.

सबीन श्मिट्झ आठवत असेल तर आठवा, नसेल तर शोधा. १९९६ आणि ९७ ला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवरची २४ तासांची रेस जिंकलेली बाई. तिने तिथल्याच नॉर्डश्लायफ या लांब, वळणावळणाच्या ट्रॅकवर फोर्ड ट्रान्झिट, म्हणजे सामान वाहायची डिझेल व्हॅन, १० मिनिटं ८ सेकंदांत फिरवली होती, एका टीव्ही कार्यक्रमासाठी, आणि व्हिडिओत स्पोर्ट्स गाड्या आणि बाइकवाल्यांना मागे टाकताना दिसते. तिचीही गाडी हळूच होती. तिलाही सांगितलं असतं का, गप्पा मारू नका म्हणून?

राहिले तुमचे बाकीचे मुद्दे. सेना आणि प्रॉस्ट: हो, १९९३ ला चॅम्पियन प्रॉस्टच झाला, विल्यम्स त्या वर्षीची सगळ्यात भारी गाडी होती. १६ रेसचा हिशोब वेगळा आणि ओल्या डॉनिंग्टनवर पाचव्या नंबरवरून एका लॅपमध्ये पहिला येणं वेगळं. मी दुसऱ्याबद्दल लिहीत होतो. पुढे.

रसेल. साखीरला (बहारीनमधली ती रेस) तो क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीत, दुसरा आला, मर्सिडीजचा नेहमीचा ड्रायव्हर बोटास याच्यापेक्षा ०.०२६ सेकंदांनी मागे. तुम्ही म्हणता ही मर्सिडीजची करामत. मी म्हणतो, ज्या टीमच्या गाड्या बोटास चार सीझन चालवत होता त्या टीमच्या गाडीत हा आयत्या वेळी हॅमिल्टनच्या जागी बसला, अंगाला धड न बसणाऱ्या कॉकपिटमध्ये, आणि तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत होता. हे उदाहरण नक्की कोणाच्या बाजूचं? आणि गाडीच सगळं असती तर २०२४ ला एकाच टीमच्या एकाच गाडीत व्हर्स्टॅपनचे ४३७ पॉइंट आणि पेरेझचे १५२ कसे झाले, ते तुमच्या प्रतिक्रियेत मला कुठे सापडलं नाही.

कंप्युटर. ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) १९९५ पासून आहे, नवीन काही नाही. ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ ठेवायचा प्रयत्न करतं, टायरची पकड वाढवत नाही. पकड संपली की कंप्युटरही तुमच्याबरोबर बाहेर जातो. सुरक्षेसाठी उत्तम गोष्ट, बंद करू नका, पण ते म्हणजे स्किल नव्हे. यावर अजून लिहायचा मला कंटाळा आलाय.

तुमची गाडी कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही, मी विचारणारही नाही, माझ्यात तेवढी सभ्यता आहे. पण पुढच्या वेळी ट्रॅकवर गेलात की एक करा. तुमचा सगळ्यात चांगला लॅप नोंदवा, मग त्याच दिवशी, त्याच गाडीत, टायरला हात न लावता इन्स्ट्रक्टरला एक लॅप मारू द्या, आणि दोन्ही टाइम इथे खाली टाका. एकच टाकलात तर मी उत्तर देणार नाही.