मुंबई सोडते ती पार्वतीच

पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या सिनेमाबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू आले. एक कौतुकाचा: तीस वर्षांनी भारतीय सिनेमा फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत गेला आणि २०२४ साली ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस, घेऊन आला. दुसरा कुरकुरीचा: मुंबईवरचा सिनेमा आणि पात्रं बोलतात मल्याळम, मग यात आपण कुठे आहोत?

आपण आहोत की! छाया कदमने केलेली पार्वती आपलीच. हॉस्पिटलात स्वयंपाक करते. नवरा गिरणी कामगार होता, तो गेला. ज्या खोलीत संसार झाला, तिथे आपण राहतो हे दाखवायला तिच्याकडे एक कागद नाही आणि बिल्डरला जागा हवी आहे. प्रभा आणि अनू या एकत्र राहणाऱ्या दोन मल्याळी नर्स आणि ही पार्वती, या तिघींपैकी मुंबई सोडून रत्नागिरीकडे परत जाते ती हीच, मराठी बाई. कुरकुर करायचीच तर यावर करा.

प्रतिनिधित्व म्हटलं की आपण डोकी मोजायला लागतो. एक मल्याळी, एक मुसलमान, एक मराठी, झालं. पायल कपाडियाने केलेलं काम याहून अवघड आहे. तिने प्रत्येकाला ज्याचा त्याचा एकटेपणा दिलाय. प्रभाचा नवरा जर्मनीत, त्याचा फोन नाही, पत्र नाही. एक दिवस अचानक तिकडून राइस कुकर येतो. रात्री ती त्या कुकरला पोटाशी धरून बसते. प्रभा झालेल्या कनी कुसृतीने तिथे चेहऱ्यावर जवळजवळ काहीच केलेलं नाही, म्हणून ते जास्त लागतं. अनूचं उलटं: तिचं माणूस याच शहरात आहे, पण शियाझ मुसलमान, आणि दोघांना निवांत बसायला अख्ख्या मुंबईत जागा नाही. त्याच्या घरी जाण्यासाठी ती बुरखा विकत घेते. आणि हॉस्पिटलातला तो मल्याळी डॉक्टर! हिंदी जमत नाही म्हणून शहराशी सूतच जुळत नाही त्याचं. भाषेचं एकटेपण एवढ्या साधेपणाने दाखवलेलं मी तरी फार कमी पाहिलंय.

पण मी अडकलो पार्वतीपाशीच. १९८२च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, पुढे गिरण्या गेल्या आणि त्या जमिनींवर टॉवर आले, हे आपल्याला पाठ आहे. त्यात बायकांचं काय झालं, हे फार कमी वेळा विचारलं गेलं. भाडेपावती, रेशनकार्ड, सगळं नवऱ्याच्या नावावर. तो गेला की बाई कागदावरून पुसली जाते. पार्वती याचं रडगाणं गात नाही. प्रभाला सोबत घेऊन ती टॉवरच्या होर्डिंगवर दगड मारते आणि दोघी शाळकरी पोरींसारख्या हसतात. सिनेमातलं माझं सगळ्यात आवडतं दृश्य.

तक्रारी मलाही आहेत. शियाझ हा फक्त अनूचा प्रियकर उरतो; त्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही. जातीचा विषय सिनेमा नीट टाळतो, आणि भाड्याच्या घरांच्या या शहरात तो टाळणं सोपं नाही. पार्वतीचा कोकणातला प्रवासही मला जरा लवकर गोड झाल्यासारखा वाटला. समुद्र आला, मोकळी हवा आली, पण उद्या पोटापाण्याचं काय, हा प्रश्न कॅमेऱ्यापेक्षा मलाच जास्त छळत राहिला.

ऑस्करला हा सिनेमा पाठवला नाही तेव्हा भारताचा सिनेमा निवडणाऱ्या फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं, की ज्युरीला हा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला. (पाठवला तो 'लापता लेडीज', त्यातही छाया कदम आहेच, हे आपलं जाता जाता.) पैसा फ्रान्स-नेदरलँड्समधूनही आला होता, कबूल. पण खोली खाली करायला लावणारा बिल्डर, रूममेटच्या भाड्याचे थकलेले पैसे, पावसाने अडलेली लोकल, यातलं युरोपियन नेमकं काय, ते ज्युरीपैकी कुणी दादरला उतरून दाखवावं.

मराठी निर्मात्यांनो, पार्वती गावी पोचल्यानंतरचा सिनेमा अजून कुणी केलेला नाही. तो तरी मराठीत करा.