‘का’ विचारायचं नाही

मुलांच्या अभिजात कादंबरीवर ॲनिमेशनपट करायला घेतलात? अभिनंदन. पहिली सूचना: पुस्तक वाचू नका. वाचून झालंच असेल तर निदान लवकर विसरा. आणि ज्याला ते पाठ आहे अशा माणसाला कथाविभागात अजिबात बसवू नका. तो दर पाच मिनिटांनी ‘पण मुळात असं नाहीये’ म्हणत राहील आणि बाकीच्यांना अपराधी वाटायला लागेल.

आधी हिशेब समजून घ्या. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात. डिस्नेची ‘ॲलिस इन वंडरलँड’ (१९५१) आहे ७५ मिनिटांची, म्हणजे एक लाख आठ हजार चौकटी. एकेक चित्र दोन दोन चौकटी वापरून काटकसर केली तरी ५४ हजार, आणि पडद्यावर तीन पात्रं हलत असतील तर तिघांची चित्रं वेगवेगळी. एवढे हात झिजवून तुम्ही काय दाखवणार, टेबलाभोवती बसून वाद घालणारी माणसं? लुईस कॅरलच्या १८६५ च्या पुस्तकात दुसरं काय आहे! जो तो बसल्या जागी शब्दांचा कीस पाडतोय आणि सात वर्षांची ॲलिस त्यांना सभ्यपणे उलट उत्तरं देतेय. वादात हलतात फक्त ओठ. म्हणून वाद काढा आणि त्या जागी हातोडा घाला.

ही नुसती म्हणायची गोष्ट नाही. पुस्तकातल्या चहापानात हॅटर या टोपीवाल्याचं घड्याळ दोन दिवस चुकलेलं असतं. घड्याळात लोणी घालून काही उपयोग होणार नाही हे तुला सांगितलंच होतं, असं तो मार्च हेअर नावाच्या सशावर डाफरतो. हेअर बापडा खाल मानेनं म्हणतो, लोणी तर उत्तम प्रतीचं होतं. संपला विनोद. तो समजायला वाचणाऱ्याला क्षणभर थांबावं लागतं, आणि चित्रपटात थांबायची सोय नसते. म्हणून घड्याळ पांढऱ्या सशाचं करा, त्यात लोणी, मुरांबा, साखर असं हाताला लागेल ते कोंबा, काटे-चक्रं उडवा आणि शेवटी त्याचा चेंदामेंदा करा. आता कोणालाच थांबावं लागत नाही.

याच टेबलावर कायम सहाच का वाजलेले असतात, याचं कारणही पुस्तकात आहे. हॅटर गात असताना राणी ओरडली की हा वेळेचा खून करतोय. तेव्हापासून वेळ त्याच्यावर रुसून बसली आणि सहाच्या पुढे सरकेना. सतत चहाची वेळ, त्यामुळे कपबशा विसळायला सवड नाही, म्हणून सगळे एकेक खुर्ची पुढे सरकतात. चित्रपटात पुढे सरकणं ठेवावं, कारण गाळावं. रिकाम्या झालेल्या जागेत वाढदिवस नसलेल्या दिवसाचं गाणं बसतं. ही कल्पना आणायची कॅरलच्याच ॲलिसवरच्या दुसऱ्या पुस्तकातून (१८७१), हम्प्टी डम्प्टी नावाच्या बोलक्या अंड्याच्या तोंडून काढून. तिथे ॲलिस वहीत ३६५ वजा एक मांडून दाखवते आणि हम्प्टी ते गणित वही उलटी धरून तपासतो. चित्रपटानं ३६४ हा आकडा घेतला आणि अंड्याला हाकललं. काटकसर असावी तर अशी.

कडक माणसं मऊ करणं हे पुढचं काम. इथे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नवशिके नेमके इथेच फसतात.

किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधला (१८९४) बल्लू म्हणजे छडीवाला मास्तर. मोगलीकडून तो जंगलाचा कायदा तर घोकून घेतोच, शिवाय ‘तू आणि मी एकाच रक्ताचे’ हे परवलीचं वाक्य प्रत्येक जमातीच्या बोलीत पाठ करून घेतो. चुकला की पंजा. पोराचं तोंड काळंनिळं झालंय अशी तक्रार बगीरा करतो. त्यावर बल्लूचं म्हणणं असं, की अज्ञानापायी त्याला काही होण्यापेक्षा माया करणाऱ्याच्या हातून अंगभर वळ उठलेले बरे. असला मास्तर पोस्टरवर शोभत नाही. त्याला ढेरी द्या, पाठ घासायला झाड द्या, आणि जगण्याचा ताप करून घेऊ नये अशा अर्थाचं एक गाणं द्या.

आता पंचाईत. पुस्तकात माकडं मोगलीला पळवतात तेव्हा तो शेंड्याशेंड्यांवरून फरफटत जाताना वर उडणाऱ्या घारीला तिच्या बोलीत ते वाक्य ओरडून सांगतो. घार नजर ठेवते आणि त्याला कुठल्या उजाड नगरीत नेलंय ते बल्लू-बगीराला कळवते. तिथे माकडं त्याला नागांनी भरलेल्या पडक्या वास्तूत ढकलतात. पुन्हा तेच वाक्य, यावेळी सापांच्या बोलीत, आणि नाग फणा उतरवतात. म्हणजे मास्तर गेला की वाक्य गेलं, वाक्य गेलं की घार मुकी, घार मुकी की पत्ता नाही. हे लक्षात आलं की नवशिक्याला वाटतं, बल्लूला थोडं तरी शिकवू द्यावं. मुळीच नाही. एक टाका उसवलाय ना, मग पूर्ण शिवण उसवा. सुटकेसाठी बल्लूला पानांचा झगा चढवा, तोंडाला करवंटी बांधा आणि वानरांच्या राजासमोर नाचवा.

राजा कुठून आला, असं तो पाठांतरवाला विचारेल. पुस्तकातल्या माकडांना राजा नाही, कायदा नाही, कालचं काही आठवत नाही. बाकीचं जंगल त्यांना तुच्छ लेखतं ते त्यासाठीच. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटानं त्यांना राजा दिला, तोही ओरांगउटान. हा प्राणी राहतो सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर, आणि गोष्ट घडते मध्य भारतातल्या सिवनीच्या टेकड्यांत. गाणं ठेक्यात असेल तर मधला समुद्र कोणी मोजत नाही.

उरला अजगर. त्याचं नाव ‘का’. मराठीत ते नावच प्रश्नासारखं वाटतं, आणि चित्रपटात प्रश्न ठेवायचे नसतात. पुस्तकात हा ‘का’ मोगलीचा सोडवणारा आहे. धडका देऊन तो भिंत फोडतो, मग माकडांसमोर वेटोळ्यांचा तो भयंकर नाच करतो. माकडं तर भारली जातातच, पण बल्लू आणि बगीराही नकळत त्याच्याकडे ओढले जातात. मोगलीवर काडीचा परिणाम होत नाही. माणसाचं पोर ते, त्याला दिसतो फक्त नाक सोललेला एक मोठा साप, उगीच गोल गोल फिरणारा. तोच दोघांच्या अंगावर हात ठेवून त्यांना जागं करतो. ज्यांनी त्याला वाचवलं त्यांना तो वाचवतो. अख्ख्या प्रसंगाचा जीव एवढ्यात आहे.

हे उलटं करायला फार कष्ट लागत नाहीत. साप दिसला की प्रेक्षक खलनायक गृहीत धरतात, ती फुकटची मदत घ्या. ‘का’च्या डोळ्यांत रंगीत वर्तुळं फिरवा आणि साऱ्या जंगलात ज्या एकावर मोहिनी चालत नव्हती नेमक्या त्याच्यावर ती चालवा.

शेवटाबद्दल मात्र चित्रपटवाल्यांची अडचण मला थोडी पटते. पुस्तकात शेरखान पोट भरून घळीत सुस्त पडलेला असताना म्हशींच्या पायांखाली तुडवला जातो आणि मोगली त्याचं कातडं सोलतो. हे पाच वर्षांच्या मुलासमोर रंगवून दाखवणं कठीण. पण त्याआधी लांडग्यांच्या कळपानं मोगलीला बाहेर काढलंय आणि त्यानंतर गाव त्याला चेटक्या ठरवून दगड मारतं. दोन्हीकडचा असलेला मुलगा कुठलाच राहत नाही. याला उपाय म्हणजे पाणी भरायला आलेली एक मुलगी. ती घडा मुद्दाम पाडते, तो उचलून देतो आणि मागोमाग गावात जातो. दोन मिनिटांत मिटलं.

आता शेवटचं तांत्रिक काम, आणि हे विसरू नका: पहिल्याच दृश्यात चामडी बांधणीचं जाडजूड पुस्तक उघडताना दाखवा. १९४० च्या ‘पिनोकिओ’तही ते दाखवलंय. तिथे पुस्तक उघडतो तो बोलका किडा, म्हणजे मूळ गोष्टीत पिनोकिओनं लाकडी हातोडा फेकून ज्याला भिंतीवरच चिरडलं तोच. साक्षीला मयतालाच उभं केल्यावर कोण शंका घेणार?

चित्रपट झकास होईल याची काळजी घ्या. तो रटाळ झाला तर लोक मूळ पुस्तकाकडे वळतात. झकास झाला तर पुस्तकाची नवी आवृत्ती निघते, मुखपृष्ठावर ढेरीवाला बल्लू. एखादं मूल ती चाळून पुन्हा पहिल्या पानावर येतं आणि विचारतं, त्या गाणाऱ्या राजाला यांनी काढून का टाकलं?